उकिडव्यांच्या भिंतीवरचा वाढदिवस

भिवंडीच्या नारपोलीतल्या तात्या उकिडव्यांना जन्मात कोणी घाबरलं नव्हतं. शाळेत ते हेडक्लार्क होते, तेव्हा शिपाई त्यांच्याच खुर्चीत डुलकी काढायचा आणि तात्या आवाज न करता फाइल घेऊन बाकावर जाऊन बसायचे. घरातलं तर विचारूच नका. तेव्हा त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीचाही कोणाला धाक नसावा, यात भिंतीचा काही दोष नव्हता. मालकाचं वळण, दुसरं काय.

भिंत होती मात्र ऐसपैस. एका टोकाला चौरसियाची पानाची टपरी आणि दुसऱ्या टोकाला कापडाच्या लूमच्या कारखान्यांकडे जाणारी गल्ली. शिफ्टला निघालेला माणूस टपरीवर पान तोंडात टाकायचा आणि गल्लीत वळायच्या आत त्याला तोंड मोकळं करावंसं वाटायचं. तात्यांच्या वडिलांनी सिमेंट, वाळू, विटा सगळं मोजून भिंत बांधली होती, पण पान चघळायला किती अंतर लागतं तेवढं मोजायचं राहिलं. परिणामी भिंत खालून कमरेपर्यंत अशी काही लालेलाल झाली होती, की पाहुण्यांना पत्ता सांगताना "लाल भिंतीचं घर" एवढंच पुरायचं. वास यायला लागला की घर जवळ आलं समजा.

या भिंतीपायी तात्यांचा संसार मोडायच्या बेताला आला होता, असं मी म्हटलं तर तुम्ही हसाल. पण नीलाताई हसत नव्हत्या. मुलानं, सुश्रुतनं, पुण्याला वाकडला फ्लॅट घेऊन आईवडिलांची खोलीसुद्धा सजवून ठेवली होती. श्रावणातल्या एका सकाळी नीलाताई फुलं काढायला बाहेर गेल्या आणि कोण्या घाईतल्या कामगाराचा नेम चुकून त्यांच्या पदराला लाल काठ मिळाला. त्या आत आल्या, फुलांची परडी ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत ही भिंत स्वच्छ दिसली नाही तर मी वाकडला चालले. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर बसा भिंतीशी संसार करत."

शांतपणे म्हणाल्या, म्हणूनच तात्यांनी दुसरा चहा मागितला नाही.

तात्या एकदा वाकडला राहून आले होते. तिथला वॉचमन रोज नव्यानं विचारायचा, "कोणाकडे जायचंय, काका?" नारपोलीत तात्या कोथिंबिरीची जुडी आणायला निघाले की तासाभरानं परतायचे, कारण वाटेत प्रत्येक जण थांबवायचा. वाकडला जुडी लगेच मिळायची आणि मग उरलेला दिवस पार्किंगमध्ये उभं राहून गाड्यांच्या नंबरांची बेरीज करण्यात जायचा. त्यापेक्षा लाल भिंत बरी, असं तात्यांचं प्रामाणिक मत होतं. ते बोलून दाखवायची मात्र छाती नव्हती.

उपाय काही कमी केले नव्हते. आधी देवांच्या टाइल्स लावल्या. खरं तर देवांना असल्या ड्युटीवर लावणं तात्यांच्या जिवावर आलं होतं, पण देवांनीच प्रश्न सोडवला. आठवडा व्हायच्या आत सगळ्या टाइल्स गायब. कोणी चोरल्या म्हणू नका, भाविक मंडळी उचकटून आपापल्या देवघरात घेऊन गेली. मग चौरसियानं सल्ला दिला, "तात्याजी, शीशा लगाइए. आदमी अपने मुँह पर कैसे थूकेगा?" तात्यांनी आरसा लावला. माणूस थुंकायचा थांबला, हे खरं. पण तो तिथे भांग पाडायला लागला, मग दाढी करायला लागला आणि एका रविवारी तात्या बाहेर आले तर आरशासमोर न्हाव्यानं खुर्ची टाकलेली आणि तीन गिऱ्हाइकं नंबर लावून बसलेली. "बाबूजी, ज़रा पानी मिलेगा?" न्हाव्यानं तात्यांनाच विचारलं. तात्यांनी पाणी आणून दिलं. म्हटलं ना, वळण.

नीलाताईंनी आरसा उतरवला आणि भिंत पुन्हा लाल झाली. अशात मुंबईला चित्रकला शिकणारी नात, तनया, सुट्टीला आली. तिनं मोबाइलवर मुंबईतल्या वस्त्यांमधल्या भिंती दाखवल्या. कुठे इमारतीएवढा मासा, कुठे चार मजली आजी, कुठे जिन्यावरून उतरणारा हत्ती. "आजोबा, चित्र असलं की लोक थुंकत नाहीत. भिंत त्यांची होते." आणि तिथल्या तिथे तिनं कागदावर चित्र काढून दिलं. संथ खाडी, एक छोटी होडी, होडीत पाठमोरी बसलेली एकटी बाई आणि वर अफाट मोकळं आकाश.

"वर काहीच नाही?" तात्यांनी विचारलं.

"रिकामी जागाच तर बोलते, आजोबा!"

भिवंडीत रिकामी जागा दिसली की तिथे गोडाऊन उभं राहतं, हे त्या पोरीला कोण सांगणार? ती कॉलेज सुरू झालं म्हणून मुंबईला गेली आणि तात्या कागद घेऊन वॉर्ड ऑफिसला गेले.

आता स्वतःच्या भिंतीवर चित्र काढायला परवानगी कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यानं उभा जन्म हेडक्लार्की केली, त्याला परवानगीशिवाय शिंकसुद्धा येत नाही. परवान्याच्या टेबलावर एक भाऊसाहेब होते. डोक्यावर केस नव्हते, पण खिशात कंगवा होता. आशावादी माणूस.

"भिंत कोणाची?"

"माझी."

"आतली बाजू तुमची. बाहेरची बाजू रस्त्यावरून दिसते. दिसते ती बाजू खात्याकडे. बांधकाम आहे का?"

"नाही. चित्र आहे."

"जाहिरात?"

"नाही हो. नुसतं चित्र."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "नुसतं चित्र आमच्याकडे नाही. मंडप आहे, कमान आहे, फलक आहे. फलकात निधन, निवड आणि वाढदिवस. बोला."

निधन तात्यांना नको होतं. निवड त्यांची आजवर कोणी कशासाठीच केली नव्हती. "वाढदिवस," ते पुटपुटले.

"कोणाचा?"

मागे रांग खोकायला लागली होती. तात्यांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या हिचा."

धाडकन शिक्का पडला. नीलाताईंचा वाढदिवस खरं तर चैत्रात येतो आणि दर चैत्रात तात्या तो विसरतात. आता गणपती उठून गेलेले, भाद्रपद चाललेला. पण सरकारदरबारी नीलाताई त्या वर्षी दुसऱ्यांदा जन्मल्या.

"मुदत दसऱ्यापर्यंत," भाऊसाहेब म्हणाले. "त्या दिवशी फलक उतरवायचा."

"भिंतीवरचं चित्र उतरवायचं कसं?"

"नाही उतरवलंत तर खात्याकडे चुना आहे."

तात्या घाबरत घाबरत वळले, तर रांगेत त्यांच्या पाठीमागे काळूरामशेठ उभे. काळूरामशेठ म्हणजे समोरच्या तीन मजली बंगल्याचे मालक, मूळचे पूर्णा गावचे. तिथल्या भातशेतीवर आता गोडाऊनं उभी आहेत आणि शेठच्या गळ्यात साखळी. मुलाच्या, प्रितमच्या, बड्डेच्या बॅनरचा परवाना काढायला ते आले होते.

"तात्या! काय छुपे रुस्तम निघलाव तुमी! वैनींचा बड्डे, नि शेजाऱ्याला पत्ता न्हाय?"

"अहो, तसं नाही, ते नुसतं चित्र..."

"मंग परवाना कशाचा काढलाव?"

खरं सांगावं तर परवाना खोटा ठरतो आणि परवाना खरा धरावा तर नवरा. ते कसंनुसं हसले. शेठना तेवढं पुरलं. तात्या घरी पोचायच्या आत बातमी गल्लीभर झाली होती, की म्हातारा बायकोचा भिंतभर बॅनर लावतोय.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे वाढदिवसाच्या बॅनरला शास्त्र आहे. ज्याचा बड्डे त्याचा चेहरा मधोमध, सर्वांत मोठा. वरच्या पट्टीत साहेबलोक. खाली शुभेच्छुक. कोणाचा चेहरा केवढा, कोणाच्या शेजारी, गॉगल कोणाला, फोन कानाला कोणाच्या, हे सगळं ठरलेलं. सोयऱ्याधायऱ्यांतला एखादा चेहरा राहिला तर पुढच्या हळदीला त्या घरचं कोणी येत नाही. तात्या शाळेत पगारपत्रकं करत राहिले, त्यांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं. एवढीच त्यांची चूक.

दुसऱ्या दिवशी शेठनी गोडाऊनवरून परांचीचे बांबू आणि रंगाचे डबे पाठवले आणि बरोबर धनेश पेंटर. धनेश मानकोली नाक्यावर ट्रक रंगवायचा. हात उत्तम, पण आजवर त्यानं चाकं नसलेल्या वस्तूला ब्रश लावला नव्हता. भिंत बघून त्यानं पहिला प्रश्न विचारला, "नंबर कुठं टाकू?"

"नंबर नाही. हे चित्र काढायचं," तात्यांनी कागद पुढे केला.

धनेशनं कागद उभा धरला, आडवा धरला. "बाई पाठमोरी कशाला?"

"ती खाडीकडे बघतेय."

"काका, बड्डे गर्ल पाठ करून बसली तर पब्लिक काय बोलेल? रुसली! तोंड पुढं घेऊ. फोटो द्या."

फोटो कुठला देणार? नीलाताईंचा एकटीचा फोटो लग्नाआधी काढलेला, दोन वेण्यांमधला. तात्या अल्बम शोधायला आत गेले. तोवर धनेशनं भिंतीवर निळा हात मारायला सुरुवात केली होती आणि ब्रश झटकताना त्यातले थेंब आतल्या दोरीवरच्या चादरींवर गेले. नीलाताई गॅलरीत आल्या. उजवा हात वर, तर्जनी ताठ, डोळे विस्फारलेले. "कोण आहे रे तो? डोळे आहेत की बटणं? या चादरी काय तुझी आई धुणार?"

धनेश भारावून त्यांच्याकडे बघत राहिला. अल्बम घेऊन धावत आलेल्या तात्यांना तो म्हणाला, "फोटो नको, काका. घावल्या."

ट्रकचा पेंटर आणखी काही काढो न काढो, डोळे काढतो. गाडीला नजर लागू नये म्हणून मागे जे डोळे काढतात, ते कुठूनही बघा, आपल्यावरच रोखलेले असतात. धनेशनं आपली सगळी विद्या नीलाताईंच्या डोळ्यांत ओतली. संध्याकाळपर्यंत भिंतीच्या मधोमध होडीत बसलेल्या पुरुषभर उंचीच्या नीलाताई, बोट उगारून रस्त्याकडे बघत होत्या. खाली त्यानं सवयीनं लिहूनही टाकलं: सुरक्षित अंतर ठेवा.

नीलाताई फाटकाबाहेर आल्या. भिंत बघितली. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

"ही मी?"

"अगं, परवान्याची भानगड झाली. म्हणजे वाढदिवस म्हणून..."

"माझा वाढदिवस चैत्रात असतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"आता झालं."

त्या आत गेल्या. पण त्या रात्री आमटीत मीठ बरोबर पडलं होतं. रागावल्या की कमी पडतं.

दुसऱ्या दिवशी शुभेच्छुक जमायला लागले. पहिल्या अर्थातच काळूरामशेठच्या मातोश्री, राहीबाई. अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं घालून त्या भिंतीसमोर खुर्ची मांडून बसल्या.

"मना वैनीच्या बाजूला बसव रं. नि सोना चमकला पायजे."

"आजी, सोनेरी रंग संपत येईल," धनेश म्हणाला.

"मंग वैनीची माल कमी कर! तिचा बड्डे हाय, लगीन न्हाय."

नीलाताई गॅलरीतून म्हणाल्या, "राहीबाई, माझ्या मंगळसूत्राला हात लावला तर बघा." दोघी हसल्या आणि मग राहीबाईंसाठी चहा खाली आला. गेली कित्येक वर्षं समोरासमोर राहून या दोघी एकमेकींना फक्त वाळवणाच्या वेळी बघत होत्या.

राहीबाईंमागून शेठ. गॉगल, साखळी आणि कानाला फोन. "होडीत रेंज कुठे असते, शेठ?" तात्यांनी क्षीण विरोध केला. "न्हाय तर नसू दे, पन हातात फोन नसला तर मना वलखील कोन?" मग प्रितम, मग त्याचे मित्र, मग पलीकडच्या गल्लीतल्या आक्का, त्यांच्या सुना, कारखान्यातले दोन मुकादम. चौरसिया टपरी सोडून आला. "तात्याजी, हम भी शुभेच्छुक हैं." तात्या उखडले. "अहो, तुमच्याच गिऱ्हाइकांनी ही भिंत घालवली!" चौरसियानं हात जोडले. "इसीलिए तो. सबसे पुराना नाता हमारा ही है." तोही होडीत चढला.

होडी बुडायला आली. कोण काठावर बसलं, कोण शिडाच्या दोरीला लटकलं, आक्कांची सून तर पाय पाण्यात सोडून बसली, कारण तिला पैंजण दाखवायचे होते. तात्या शिडीखाली उभे राहून ओरडत होते, "धनेश, निदान आकाश मोकळं ठेव!"

"वरती तर साहेबलोक असतात, काका."

"कसले साहेब? आपल्याकडे कोणी साहेब नाही!"

समोरच्या बंगल्याच्या गच्चीवरून शेठचा आवाज आला, "आसं कसं? परवाना देनारे भाऊसाहेब घ्या. साहेबाशिवाय बॅनर मी उभ्या जल्मात बगला न्हाय." आणि भाऊसाहेब वर गेले. धनेशनं त्यांना सूर्याच्या जागी, ढगावर बसवलं. मन मोठं माणसाचं, वर दाट कुरळे केसही दिले.

तनयानं व्हिडिओ कॉलवर भिंत बघितली. "आजोबा, माझं आकाश कुठे गेलं?"

"आहे की गं. सगळ्यांच्या मागे आहे."

त्यावर मात्र ती खो खो हसत सुटली. आजोबांना तेवढंच हायसं वाटलं.

आणि मग चमत्कार झाला. शिफ्ट सुटली. माणसं टपरीवरून पान खाऊन निघाली. नेहमीच्या जागी आली, मान वळवली, गाल फुगवले आणि समोर नीलाताई. बोट ताठ, डोळे रोखलेले. दोन पावलं पुढे सरकावं तर डोळे दोन पावलं बरोबर येतात. शेजारी राहीबाई. त्यांच्याकडे निम्मे कामगार भाड्यानं राहतात, घरमालकिणीच्या तोंडावर कोण थुंकणार? पुढे स्वतःचा मुकादम. माणसं फुगलेले गाल घेऊन गल्लीपर्यंत पळत सुटली. शेवटी चौरसियानंच टपरीपाशी एक बादली ठेवली आणि "पहले यहाँ, फिर आगे" अशी शिस्त लावली. नारपोलीतल्या एका गल्लीत शिस्त आली, हे वाक्य मी दोनदा तपासून लिहिलं आहे.

पण दसरा उजाडला. नवरात्रात भिंतीवर एक शिंतोडा उडाला नव्हता. सकाळी तात्या फाटकाला तोरण बांधत असताना हातगाडीवर चुन्याचं पिंप घेऊन पालिकेचे लोक आले. पुढे भाऊसाहेब, काखेत फाइल. कामाला पक्का माणूस, सणाच्या दिवशीसुद्धा मुदत सोडायची नाही.

"उकिडवे, मुदत संपली. फलक उतरवा, नाहीतर आम्ही चुना मारतो."

तात्यांच्या हातातलं तोरण गळून पडलं. डोळ्यांसमोर वाकडचं पार्किंग आलं आणि तो वॉचमन. कोणाकडे जायचंय, काका? बघता बघता गल्ली जमली. शेठ बनियनवर आले, राहीबाई सोनं न घालता आल्या, चौरसिया हाताला चुना तसाच ठेवून आला.

"भाऊसाहेब, माज्या आईच्या तोंडाला चुना फासाल?" शेठ गरजले.

"नियम आहे, शेठ. मी काही..."

तात्या पुढे झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाला अडवलं. आवाज चिरका लागला, पण लागला. "साहेब, चुना मारायचा तर वरून सुरुवात करा. नियम म्हणजे नियम."

"वरून का?"

"बघा तरी."

भाऊसाहेबांनी वर बघितलं. सोनेरी ढगावर ते स्वतः बसले होते. चेहऱ्यावर तेज आणि डोक्यावर काळेभोर, कुरळे, कपाळावर एक बट आलेले केस. चुनेवाला शिडी लावायला लागला. "थांब रे!" भाऊसाहेब ओरडले. नकळत त्यांचा हात खिशातल्या कंगव्याकडे गेला.

त्यांनी फाइल उघडली आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला. तो गल्लीनं इतक्यांदा वाचून घेतला, की आता सगळ्यांना पाठ आहे: "जागेवर पाहणी केली. वाढदिवसाचा फलक आढळून आला नाही. भिंत आढळून आली."

चुन्याचं पिंप परत गेलं. नीलाताईंनी सगळ्यांना आपट्याची पानं आणि श्रीखंड दिलं, भाऊसाहेबांना वाटी दोनदा भरली. दुपारी सुश्रुतचा फोन आला. "आई, मग कधी येतेस? टेम्पो सांगू?"

"छे रे, आता कसं येणार?" नीलाताई म्हणाल्या. "इथे लोक येता-जाता नमस्कार करतात मला. वाकडला मला कोण ओळखतंय?"

तात्या आतल्या खोलीत कोणाला दिसणार नाहीत अशी दोन पावलं नाचले.

संध्याकाळी सोनं द्यायच्या निमित्तानं ते एकटेच भिंतीसमोर जाऊन उभे राहिले आणि प्रथमच त्यांनी चेहरे नीट न्याहाळले. डावीकडून उजवीकडे. पुन्हा उजवीकडून डावीकडे. मग धनेशला फोन लावला.

"अरे, मी कुठाय?"

"काका... तुमची तर भिंतच हाय. तुमी सांगितलंच न्हाय. आता जागा..."

जागा उरली होती ती फक्त एकदम खाली, सांडपाण्याच्या पाइपाजवळ, टपरीच्या बाजूला. धनेशनं तिथे तात्यांना खाडीच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभं केलं, दोन्ही हातांनी होडी मागून ढकलताना. साम्य इतकं हुबेहूब की नीलाताई म्हणाल्या, "अगदी तुम्हीच."

आणि दुसऱ्या सकाळी बघतात तो अख्ख्या भिंतीवर एकच पिचकारी. नेमकी तात्यांच्या ओठांवर. तो कोपरा नीलाताईंच्या नजरेच्या टप्प्यात येत नव्हता. धनेश फडकं घेऊन आला, घासलं, पण कात काही निघेना. मग त्यानं ब्रशानं कडा नीट करून टाकल्या. आता जन्मात पान न खाल्लेले तात्या उकिडवे लालचुटूक ओठांनी खाडीत उभे आहेत.

"तात्याजी, आप भी?" चौरसिया गहिवरून म्हणाला आणि त्यानं एक मोठा बनारसी विडा आग्रहानं तात्यांच्या तोंडात कोंबला. चव बरी होती. तात्या घराकडे निघाले. भिंतीच्या मध्यावर आले तेव्हा तोंड भरलं होतं. बादली मागे राहिली होती. त्यांनी सवय नसल्यानं गोंधळून इकडे तिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. गाल फुगवून मान वळवली.

बोट ताठ होतं. डोळे रोखलेले होते.

तात्यांनी मुकाट्यानं गिळलं आणि फाटक उघडून आत गेले.